कामठीच्या मामांचं बदामी जाकीट

नगरसेवकाशी भांडायला एकट्याने जाणारा माणूस कामठीत अजून जन्माला यायचा आहे. जो तो माझ्या बायकोच्या मामांना सोबत नेतो. मामांच्या गल्लीच्या एका टोकाला पॉवरलूमवाले विणकर, दुसऱ्या टोकाला बुद्धविहार आणि मधे छावणीतून रिटायर झालेल्या फौजींची तेलुगू, पंजाबी घरं. मामा या सगळ्यांच्या भाषा बोलतात, आणि सगळ्या सारख्याच चुकीच्या. समोरच्या तेलुगू अम्मांची ते रोज तेलुगूत विचारपूस करतात, अम्मा म्हणतात, "मामा, मराठीत बोला वो, मले लवकर समजते."

खांबावरचा दिवा गेला, नाली तुंबली, की मामा अर्ध्या जेवणावरून उठून पायात चपला सरकवतात. एकदा तर दोन शेजाऱ्यांच्या एकमेकांविरुद्धच्या तक्रारी त्यांनी एकाच फेरीत मांडल्या, आणि दोन्ही तितक्याच तावातावाने.

यंदा मामा स्वतःच अपक्ष उभे राहिले. नगरसेवक व्हायचं त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं, की निवडून आल्यावर नगरपरिषदेच्या पहिल्या सभेला घालायला बदामी जाकीट शिवून कपाटात टांगून ठेवलं होतं. प्रचारप्रमुख मी, नागपुरातल्या लकडगंजचा शिकलेला जावई. चौकाचौकात माइक धरून मी सांगत सुटलो, "मामांना निवडून द्या. रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ते ऑफिसात बसलेले दिसतील." लोक एकदम गप्प व्हायचे. मला वाटायचं, भारावले.

मामा सपाटून पडले. निकालाच्या संध्याकाळी अख्खी गल्ली घरी लोटली. कोणी बिर्याणी आणली, कोणी खीर, अम्मांनी चिंचेचा भात. मामा डब्यांकडे बघत म्हणाले, "डबे इतके येऊन राहिले, मंग वोटं कुठी गेले, जावईबापू?"

मी छताच्या पंख्याकडे पाहू लागलो. शेवटी पॉवरलूमवाले चाचा बोलले, "बुरा मत मानना, मामा. दामादजी ने बताया, आप दिनभर दफ्तर में बैठोगे. फिर नगरसेवक से लड़ने हमारे साथ कौन चलेगा?"

"आन् तुमच्याशीच भांडाचं म्हणजे," अम्मा म्हणाल्या, "कोनाले घेऊन याचं आमी?"

मामांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी बिर्याणीचा डबा जवळ ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मा दारात हजर. खांबावरचा दिवा पुन्हा गेला होता. मामा उठले, कपाट उघडून क्षणभर उभे राहिले आणि ते बदामी जाकीट अंगात घातलं.

"मामा, हे आज?" मी विचारलं.

"शिवलं हाय तं घालतो. काहून, वाईट दिसते?"

शोभत होतं. फारच शोभत होतं. अम्मांना सोबत घेऊन मामा नव्या नगरसेवकाच्या घराकडे निघाले. कोपऱ्यावर थांबून त्यांनी जाकिटाचं वरचं बटण लावलं, आणि मग भांडणासाठी घसा खाकरला.