मिठागराच्या बांधावरची चाल

चालताना मावशीचं डोकं जरासुद्धा हलत नसे. सिल्व्हर पार्कच्या बागेत सकाळी माणसं धापा टाकत फेऱ्या मारतात, त्यांच्यामधून सत्तरी ओलांडलेली ही बाई शांत पाण्यावरून होडी जावी तशी जायची. बागेतली ही सगळ्यांची मावशी मूळची खाडीकाठच्या राई गावची. तरुणपणी तिनं डोक्यावर ओल्या मिठाची पाटी घेऊन मिठागराचे अरुंद बांध तुडवले होते. मिठागर गेलं, ती लेकाबरोबर इथे फ्लॅटमध्ये आली, चाल मात्र अंगातच राहिली. पहिल्यांदा तिला पाहिलं तेव्हा मी धावायचं सोडून बाकावर बसले आणि नुसती बघत राहिले.

मी तेव्हा सत्तेचाळिशीची. सोसायटीतल्या हळदीकुंकवाला नव्यानं राहायला आलेल्या एका बाईनं माझ्या पोटाकडे बघत प्रेमानं विचारलं होतं, “भाभी, गुड न्यूज है क्या?” मी हसण्यावारी नेलं आणि घरी येऊन साडी सोडताना रडले. दुसऱ्या दिवसापासून पोटाशी युद्ध सुरू केलं. जिममध्ये उड्या, रात्री नुसतं ताक, पहाटे चारचा गजर. दोन महिन्यांत गुडघा सुजला, झोप उडाली, घरच्यांवर खेकसणं वाढलं आणि पोट जिथल्या तिथे. वर साखर काठावर आल्याचा रिपोर्ट. मधुमेहात माझ्या वडिलांचा पाय कापावा लागला होता, त्यामुळे आता प्रश्न साडीचा राहिला नव्हता. मी घाबरले होते.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. पाळी जायच्या वयात हार्मोन्स बदलतात आणि चरबी पोटाकडे सरकते. त्यात झोप नाही, धड जेवण नाही, जीव सदा ताणावर, मग शरीर उलट साठवूनच ठेवतं. हलका व्यायाम करा, वेळेवर जेवा, झोपा. मला हा सल्ला आळशांसाठी वाटला. बागेत मावशीपाशी कुरकुर केली, तर ती म्हणाली, “बरोबर सांगते ती. मीठ धरायच्या आधी पाणी ढवळलं, का खालचा चिखल वर येतो. मग काळं मीठ काढत बस.” शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं डॉक्टरणीचं अर्ध्या तासाचं बोलणं तीन वाक्यांत बसवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिच्याबरोबर चालू लागले. तिचा नियम एकच, चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. काल कालवण कशाचं केलं, हे विचारायची आणि उत्तर पुरतं ऐकून घ्यायची. मला धाप लागली की म्हणायची, “बोलता येत न्हाय, एवढी घाई कशाला? बांधावर घाई केली ती पाण्यात गेली.” मी पुढे निघाले तर हाक मारत नसे, आणखी हळू चालायची. मला तिच्यासाठी थांबावंच लागे.

कंबर किती उतरली, हे तिनं कधीच विचारलं नाही. रोज विचारायची ते, “झोप लागली काय?” तीन महिने मी नाही म्हणत होते. एके सकाळी सांगितलं, “मावशी, आज दूधवाल्यानं बेल वाजवली तेव्हा जाग आली.” चालता चालता कधी न थांबणारी मावशी थांबली. खरबरीत तळहात माझ्या तोंडावरून फिरवला आणि पुढे निघाली. कुणी शाबासकी दिल्यावर एवढं भरून आल्याचं मला आठवत नाही.

वर्षाच्या शेवटी साखर आटोक्यात आली. कंबर दोन इंच उतरली, थोडं पोट राहिलंच. तोवर मावशीनं अंथरूण धरलं होतं. पोटातलं दुखणं होतं आणि उशिरा कळलं होतं. मी रिपोर्ट घेऊन भेटायला गेले. पलंगावर तिचा नुसता सापळा उरला होता. तिला बरं वाटावं म्हणून आकडे वाचून दाखवले आणि जुन्या सवयीनं म्हणाले, “हे एवढं उरलंय, तेही घालवते.”

तिनं हात लांब करून माझ्या पोटावर ठेवला. “न्हाय गं,” ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे थोडं. आजारात अंग तेच खातं. माझ्याकडे न्हवतं.”

आठवड्याभरात ती गेली. त्या पोटाला मी परत कधी नावं ठेवली नाहीत.