आमच्या शर्यतीतली टू-स्ट्रोकबंदी

आमच्या भागातल्या मोटारसायकल शर्यतीला पर्यावरणाची काळजी वाटायला लागली, तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. घोड नदीच्या काठच्या एका गावात यात्रेच्या दुसऱ्या दिवशी ही शर्यत होते. बटाटा काढून मोकळ्या झालेल्या वावरात ट्रॅक्टरनं वळणं पाडायची, चार-दोन उंचवटे करायचे, कडेनं दोऱ्या बांधायच्या, की झाला ट्रॅक. मी निरगुडसरचा. पोटासाठी पिकअप चालवतो, टोमॅटो नारायणगावच्या बाजारात पोचवतो. आणि वर्षातून एकदा, बायकोच्या शब्दांत सांगायचं तर, हाडं मोडून घ्यायला जातो.

माझी गाडी टू-स्ट्रोक. जुन्नरच्या एका मिस्त्रींनी तिचं इंजिन कानशीनं घासून तयार केलं होतं. त्यांना सगळे चाचा म्हणतात. ही गाडी अर्धी मूठ पिळेपर्यंत पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी असायची आणि त्यापुढं एकदम पिसाळायची. तो क्षण साधला की तुम्ही सगळ्यांच्या पुढं. नाही साधला की दोरीपलीकडच्या भेळवाल्याच्या पाटीत. मी दोन्ही अनुभव घेतलेत, आणि भेळवाल्यानंही.

तर त्या वर्षी शर्यतीआधी कमिटीनं आम्हा चालकांना देवळाच्या मंडपात बोलावलं. अध्यक्ष उठले, कपड्यांची इस्त्री सांभाळत माइकपाशी गेले आणि म्हणाले, "टू-स्ट्रोकच्या धुरानं पर्यावरणाची लई हानी व्हती. साऱ्या जगातल्या शर्यतींत आता फोर-स्ट्रोक आल्यात. आपन मागं ऱ्हायचं का?"

त्यांच्या मागं मंडपाचा जनरेटर काळा धूर ओकत होता. त्या धुराचा पर्यावरणाशी काही संबंध नसावा. आणि अध्यक्षांच्या पुतण्यानं नुकतीच पुण्याहून परदेशी बनावटीची फोर-स्ट्रोक आणली होती, त्याचाही या ठरावाशी काही संबंध नव्हता. योगायोग माणसाच्या पाठी लागतात, त्याला कोण काय करणार?

मी हात वर केला. "सीसी कितीपर्यंत चालंल?"

"कितीबी. फोर-स्ट्रोक असली म्हंजी झालं."

"आनि बाकी काय अटी?"

"काय न्हाई. हेल्मेट घाला."

पुतण्याची गाडी नियमात बसवायची, तर नियम जितका सैल तितका बरा, एवढं अध्यक्षांना कळत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहा प्लॅस्टिकच्या कपातून आला आणि पिऊन झाल्यावर कप मंडपामागं ओढ्यात गेले.

मी जुन्नरला जाऊन चाचांना ही बातमी दिली. ते एका स्कूटरच्या पोटात हात घालून बसले होते. हात बाहेर न काढता म्हणाले, "बंद? आन् आता मी काय करू, हार्मोनियम दुरुस्त करू?"

दोन दिवस ते कमिटीला शिव्या देत राहिले आणि मग कामाला लागले. शेतावर जायला माझ्याकडं एक साधी फोर-स्ट्रोक गाडी होती. तिचं इंजिन काढून शर्यतीच्या गाडीत बसवायचं ठरलं. ते बसेना. चाचांनी चेसिस कापली, जोडली, पुन्हा कापली. काम करता करता ते मला फोर-स्ट्रोक समजावून देत होते.

"बघ भाऊ, एकदा पेट्रोल आत घ्यायचं, एकदा दाबायचं, एकदा पेटवायचं, एकदा धूर भाईर टाकायचा. चारातला एकच दणका कामाचा. बाकीच्या तीन मिटिंगा."

सरावाला आम्ही डिंभ्याला गेलो. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकलं, की काठाला मोकळी सपाट जमीन लागते. टू-स्ट्रोकवर वळणाआधी मूठ सोडली तरी गाडी आपली वाहत जाते. फोर-स्ट्रोकचं इंजिन मूठ सोडताच गाडीला मागं ओढतं. हे चाचांनी सांगितलं होतं, मी ऐकलं होतं, पण माझ्या मनगटानं ऐकलं नव्हतं. पहिल्याच वळणावर गाडी थबकली आणि मी हँडलवरून पुढं चिखलात गेलो. जवळच दोघं जण जाळं वाळत घालत होते. त्यातला एक शांतपणे म्हणाला, "पावणं, मासे हितं न्हाईत, तिकडं हायेत."

खरं सांगायचं तर मला त्या इंजिनात जीवच वाटेना. जेवण झालेल्या माणसानं ढेकर द्यावेत तसा आवाज. कपड्यांना जळक्या तेलाचा वास नाही, कानात शिट्टी नाही. बायको मात्र खूश झाली. म्हणाली, "आता कुठं गाडी माणसासारखी बोलाया लागली." मी त्या रात्री भाकरी कमी खाल्ली, तेही तिच्या ध्यानात आलं नाही.

शर्यतीच्या दिवशी फ्लेक्स लागला होता: 'फक्त फोर-स्ट्रोक'. खाली पर्यावरणासाठी एक हिरवं पान आणि त्या पानाच्या दसपट मोठा अध्यक्षांचा फोटो. पुतण्या अंगभर रंगीत कपडे, गुडघ्याला कवच, डोळ्यांवर गॉगल घालून आला.

आणि नावं घ्यायचं काम संपत आलं असताना तळेघरचा एक जण आला. त्याच्या साध्या गाडीला मागं कॅरियर होतं, सीटला झालर होती आणि बाजूला चक्क साडी गार्ड. एसटी आली नाही की हा डिंभ्याहून तळेघरला माणसं पोचवायचा, म्हणजे जवळजवळ रोजच. आजही दोन मावश्यांना यात्रेला घेऊन आला होता. त्या चिंचेखाली बसून कलिंगड खात होत्या.

"राव, नाव कुठं घालायचं?" त्यानं मोठ्यानं विचारलं.

टेबलावरचा माणूस हसला. "ही गाडी पळवनार?"

"फोर-स्ट्रोक हाय. फ्लेक्स वाचूनच आलोय. आन् ऐका, पयला नंबर माझाच लिहून ठेवा, मागून खाडाखोड नको."

कमिटीची कुजबुज झाली. नियमात त्याला अडवणारं काही नव्हतं. शेवटी अध्यक्ष उदारपणे म्हणाले, "यिऊ द्या. लोकांची करमनूक व्हईल."

करमणूक झाली.

पुतण्या सुटला तो बाणासारखा. मी मधल्या घोळक्यात. तळेघरवाला सगळ्यात मागं होता, पण धूळ बसावी म्हणून वळणांवर टँकरनं पाणी मारलं होतं, आणि चिखल म्हणजे त्याचं रोजचं ऑफिस. आम्ही पाय टेकत, घसरत वळत होतो. तो सीटवर बसल्या बसल्या वळत होता, जणू मागं कुणी मावशी धरून बसलीय. आणि प्रत्येक वळणाआधी हॉर्न वाजवत होता. घाटात वाजवायचा, तसाच. मलाही त्यानं हॉर्न देऊनच मागं टाकलं.

शेवटच्या फेरीला तो पुतण्याच्या मागं पोचला. वळण आलं. त्यानं सवयीनं दणदणीत हॉर्न दिला. आणि पुतण्यानं, तोही आपल्याच रस्त्यांवर वाढलेला, सवयीनं बाजू दिली. बाजूला नुसता चिखलाचा रेंदा होता. परदेशी गाडी आडवी झाली आणि बंद पडली. तापलेलं फोर-स्ट्रोक इंजिन किकवर लवकर उठत नाही, हे गाडी विकणाऱ्यानं सांगितलं नसावं. मी बाजूनं गेलो तेव्हा तो किक मारत होता. शर्यत संपली तेव्हाही मारतच होता.

तळेघरवाला पहिला आला. मी पाचवा.

कमिटीतला एक जण धावला. "ह्यानं हॉर्न वाजवला!"

"मंग? न्हाई वाजवायचा असं कुठं लिवलंय? दावा!"

कुठंच लिहिलं नव्हतं. अध्यक्षांनी ढाल त्याच्या हातात दिली, आणि चेहरा तर असा, जणू स्वतःच्या वाढदिवसाचा केक शेजाऱ्याला कापताना बघावं लागतंय. विजेत्यानं न विचारताच माइक घेतला. "डिंभ्याहून तळेघर, कवाबी हाळी द्या. दोन मानसं आन् एक पोतं बिनघोर पोचवतो." मग त्यानं मावश्यांना मागं बसवलं, ढाल एकीच्या मांडीवर दिली आणि तो निघून गेला.

पुढच्या वर्षीच्या फ्लेक्सवरून हिरवं पान गेलं आणि नियम आले. हॉर्न चालणार नाही, कॅरियर चालणार नाही, साडी गार्ड चालणार नाही. तळेघरवाल्यानं सगळं काढून ठेवलं आणि तरीही आला, पण आठवा राहिला. म्हणाला, "गाडी हलकी झाली राव, चाक धरंना." पुतण्या आलाच नाही. त्यानं गाडी विकून जीप घेतली होती. ज्याच्यासाठी टू-स्ट्रोक बंद झाल्या तो गेला, बंदी मात्र राहिली. बंदी उठवायला पुन्हा मिटिंग घ्यावी लागली असती.

त्या वर्षी मी तिसरा आलो. मनगटानं अखेर चाचांचं ऐकलं होतं. गाडी पिकअपमध्ये चढवून मी आणि शर्यत बघायला आलेले चाचा जुन्नरच्या वाटेला लागलो. मंचर मागं पडल्यावर मी सहज बोललो, "चाचा, फोर-स्ट्रोक तशी वाईट न्हाई बरं का."

चाचांनी खिडकीकडं तोंड फिरवलं, ते थेट नारायणगाव येईपर्यंत.