ओट्यामागचा शेळो

१९९९ सालच्या नोव्हेंबरातला एक रविवार. स्वयंपाकघराच्या ओट्याखालची फळी काढायचे सुताराने साठ रुपये सांगितले आणि मी घासाघीस न करता कबूल केले. त्या वेळी घरात माझे वडील, बायको, मी आणि सुतार एवढेच होतो. फळीमागे वडिलांचा शेळो अडकला आहे, अशी आमची खात्री होती.

शेळो म्हणजे मुठीएवढा काटेरी प्राणी. साळिंदर नव्हे. काटे आखूड, तोंड चिचुंद्रीसारखे, हात लावला की अंगाचा चेंडू करणारा. बोळिंजला आमच्या इमारतीखाली एका कच्छी गृहस्थांचे लाकडाचे दुकान होते. कच्छहून आलेल्या सामानात हा निघाला. ते त्याला शेळो म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. ते त्याला बाहेर टाकायला निघाले, तेव्हा दुकानाच्या बाकावर बसलेल्या वडिलांनी तो पिशवीत घालून वर आणला.

आई गेल्यावर वडिलांना मी मालवणकडच्या गावाहून इथे आणले होते. आल्यापासून ‘हो’, ‘नको’ आणि ‘पुरे’ यापलीकडे त्यांचे बोलणे नव्हते. शेळो आल्यावर मात्र संध्याकाळी त्यांच्या बंद केलेल्या गॅलरीतून आवाज येऊ लागला, “खय होतंस रे? जेवलंस?”

“मला नाही कधी विचारलं, जेवलीस का म्हणून,” बायको भाजी निवडता निवडता म्हणायची.

“तू काटे फुलवतेस.”

“तो नाही फुलवत?”

असे म्हणायची, पण तो आवाज नीट ऐकू यावा म्हणून नळ बंद करायची.

शेळो आंब्याच्या पेटीत राहायचा. एका सकाळी पेटी रिकामी दिसली. दिवाणाखाली, चपलांच्या कपाटात, गाद्यांच्या घड्यांत, सगळीकडे पाहिले. मग गॅसच्या सिलिंडरमागे, ओट्याच्या आतल्या बाजूला खरडल्यासारखे ऐकू आले. तिथे हात जाईना. वडिलांनी बशीत उकडलेले अंडे कुस्करून ठेवले आणि जवळच चटई टाकली. अंडे तसेच राहिले. सुताराला रविवारशिवाय सवड नव्हती, आणि शनिवारी खरडणे थांबले.

“साहेब, उंदरासाठी ओटा उघडताय?” सुताराने विचारले.

“उंदीर नाही तो.”

“आत घाण तर तेवढीच करणार ना.”

फळी निघाली. शेळो अगदी कोपऱ्यात होता. चेंडू झालेला नव्हता, कुशीवर पसरला होता. आजूबाजूला उताण्या पडलेल्या झुरळांचा सडा होता. काही शेळोने खाल्लेली, त्यांचे नुसते पाय उरले होते. भिंतीच्या कडेने आणि सिलिंडरच्या फटीपाशी पांढऱ्या रेघा होत्या, झुरळांसाठी मिळतो त्या विषारी खडूच्या.

खडू वडील ओढत. दर शनिवारी, न चुकता. आईला झुरळांची शिसारी होती. गावी ती चुलीभोवती त्यांच्याकडून रेघ ओढून घ्यायची. इथे कुणी सांगितले नव्हते, तरी ते ओढत राहिले, आणि आम्हीही कधी अडवले नाही. निदान एवढ्यासाठी तरी ते खोलीबाहेर येत.

बायकोने ओले फडके आणले आणि त्या रेघा पुसायला वाकली. वडील म्हणाले, “ऱ्हवांदे. त्यो रेघो माझ्योच.”

मग कुणाकडेही न बघता, “तिका झुरळा खपत नाय होती.”

मी शेळोला कागदात गुंडाळून पिशवीत ठेवले. सुताराने फळी परत ठोकली आणि पैसे घेऊन गेला.

आमच्या इमारतीभोवती सगळी फरशी. पुरायला जागा नाही. बायकोला भाजी देणाऱ्या बाईंची उमेळ्याला वाडी होती. दुपारी वडील आणि मी रिक्षाने तिथे गेलो. बाईंनी पिशवीत डोकावून पाहिले आणि नारळाकडे बोट दाखवले. “तिथं पुरा. पानी जातं त्या पाटात नको.”

खड्डा वडिलांनीच खणला. मी कुदळ मागितली, त्यांनी दिली नाही. माती सारखी केल्यावर ते खूप वेळ उकिडवे बसून होते. मला वाटले, निदान आता त्याच्याशी काहीतरी बोलतील. बोलले नाहीत. पुढे गॅलरीतूनही कधी आवाज आला नाही. शनिवारी मी खडू त्यांच्यासमोर ठेवून पाहिला, तो त्यांनी परत फडताळात ठेवला.

त्या दुपारी वाडीतून निघताना बाई जागेचे काही घेईनात. वडिलांनी मग त्यांच्याच वाडीतली एक डझन केळी घेतली, आपल्या पाकिटातून पंधरा रुपये काढले आणि बाईंच्या हातावर ठेवले.