शेजारच्या पट्ट्यातली गळती

सोलांज पिलॉनला कॅनडातल्या कनाटा गावच्या तिच्या कंपनीतले लोक मागून ‘कजाग’ म्हणायचे, आणि खोटं कशाला बोला, होतीच ती कजाग. मोबाइलच्या टॉवरवर चढवायचे रेडिओचे डबे आधी तपासणीला तिच्या टेबलावर यायचे, आणि ते बनवणारे इंजिनियर तिला टाळत फिरायचे. “काय रे, पुन्हा सांडलंस का?” असं ती भर कॅन्टीनमध्ये, सूप पिता पिता विचारायची. हवेत प्रत्येक सिग्नलला आपापला पट्टा नेमून दिलेला. डबा जोरात बोलायला लागला की त्यातलं थोडं शेजारच्या पट्ट्यात गळतंच. आपल्या दारातला बर्फ लोटताना शेजाऱ्याच्या दारात ढकलावा, तसलाच प्रकार. गळून किती गेलेलं चालेल याची हद्द ठरलेली असते, आणि ती हद्द सोलांज राखायची. तिच्यापुढे कुणाचा वशिला चालत नसे.

त्या फेब्रुवारीत मात्र टेबलावर आला तो क्लिफर्ड हॉजिन्सचा डबा. क्लिफर्ड म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा, मिरेयचा, नवरा. एकाच अँप्लिफायरमधून, म्हणजे सिग्नलला जोर देणाऱ्या भागातून, मोबाइलचा जुना जीएसएम आणि नवा एलटीई, दोन्ही सिग्नलांनी बोलायचं, असा त्याचा घाट. डबा पास झाला तर कारखान्यात जाणार. नाही झाला, तर कंपनी बाहेरून तयार अँप्लिफायर आणणार आणि क्लिफर्डची टीम बंद होणार. मोठ्या साहेबांनी तसं तोंडावर सांगितलं होतं.

आतापर्यंत प्रत्येक मोजणीत डबा पास होत आला होता. मिरेय तर आनंदात होती. “अगं, रविवारी तुर्तिएर करतेय, मांस भरपूर घालून. उशीर करू नकोस हं,” असा तिचा फोनही येऊन गेला.

शेवटची मोजणी सोलांजनं लावली. आकडा छान आला. जरा जास्तच छान, आणि तिथंच तिला खटकलं. डबा गार असताना जो आकडा, तोच तापल्यावरही? असं कुठं असतं का!

जीएसएम बोलतो तुटक तुटक, मधे मधे गप्प बसतो. एलटीईची बडबड अखंड. त्यामुळे मोजणाऱ्या यंत्राला नेमकं कधी बघायचं, ते आधी सांगून ठेवावं लागतं. तिनं ती वेळ तपासली आणि कपाळाला हात लावला. मागच्या डब्यासाठी ठरवलेली वेळ तिनं आणि क्लिफर्डनं मिळून जशीच्या तशी इथं उचलली होती. यंत्र बघत होतं ते जीएसएम गप्प असताना! अँप्लिफायरवर भारच नाही, तर गळणार काय, कप्पाळ?

तिनं वेळ सुधारली. गळती मूळ सिग्नलच्या निदान पंचेचाळीस डेसिबल खाली राहायला हवी; पंचेचाळीस हवे होते, आले बेचाळीस. हद्द सरळ सरळ मोडली होती.

मूग गिळून बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. नंतर कुठल्या तरी गावात शेजारच्या पट्ट्यातल्या कुणाचा तरी फोन मधेच तुटला असता, आणि त्यानं स्वतःच्याच फोन कंपनीला शिव्या घातल्या असत्या. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. बहिणीचा चेहरा तर डोळ्यांपुढून हलेना. शेवटी तिनं क्लिफर्डला बोलावून घेतलं.

“तुझं यंत्रच जास्त सिग्नलनं गुदमरलं असेल,” तो आकडा बघून म्हणाला. “आत येणारा सिग्नल कमी करून बघ.”

“केला. आकडा हलत नाही.”

“मग केबल?”

“बदलली.”

“अगं, मग पुन्हा एकदा बघ ना!”

“मेल्या, मला काय हौस आलीय?” सोलांजचा आवाज चिरकला. “मिरेयला काय तोंड दाखवू मी? तुझ्याइतकंच मलाही हवं होतं रे हे.” आणि ती कजाग बाई बाहीनं डोळे पुसायला लागली.

क्लिफर्डनं यंत्राच्या पडद्याजवळ वाकून बघितलं. सिग्नलच्या मधल्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना गळती स्पष्ट दिसत होती. गळती नाही म्हणण्यात आता अर्थ नव्हता.

“ऊठ,” तो म्हणाला.

“काय?”

“खुर्चीवरून ऊठ. मी मोजतो.”

“माझ्यावर विश्वास नाही तुझा?” ती उसळली.

“आहे गं बाई. पण घरी मिरेय विचारेल, नापास कुणी केलं म्हणून. मला ‘मीच’ असं सांगायचंय, आणि तिच्याशी खोटं बोलायला मला जमत नाही.”

सोलांज उठली. क्लिफर्डनं सगळ्या जोडण्या सोडवल्या, पाना घेऊन एकेक पुन्हा घट्ट केली, वेळ स्वतः लावली आणि बटण दाबलं. बेचाळीसच आले. मोजणीच्या कागदावर ‘मोजणारा’ या रकान्यात सोलांजचं नाव होतं, ते त्यानं खोडलं आणि आपलं लिहिलं.