कपाळावरची टिचकी

माझी अर्धशिशी तपासताना डॉक्टरांनी काल माझ्या भुवयांच्या मधोमध बोटाने हलकेच टिचक्या मारल्या. प्रत्येक टिचकीला माझे डोळे मिटले.

"चार-पाच टिचक्यांनंतर बहुतेकांचे डोळे सरावतात," ते म्हणाले. "अर्धशिशीवाल्या काहींच्या मेंदूला सरावच होत नाही. त्याला प्रत्येक टिचकी नवी."

मी सुखावलो. जगाला न सरावलेला माणूस, म्हणजे जवळजवळ कवीच की!

शेजारी बसलेली बायको म्हणाली, "मग माझ्या हाकांना कसे हो सरावले हे?"

आज सकाळी मी पेपर वाचत होतो. "अहो, दळण दळून आणायचंय," ती तीनदा म्हणाली. मी पान उलटलं. तिने जवळ येऊन माझ्या कपाळावर टिचकी मारली. डोळे मिटले. उघडले तेव्हा हातात गव्हाचा डबा होता.