आबांच्या ताटातलं मीठ

आमच्या भावकीत अजून सांगतात की आबांच्या दुसऱ्या आजारपणाला थोरल्या वहिनी कारण झाल्या. सासऱ्याचं पथ्य त्यांना सांभाळता आलं नाही, असं लग्नकार्यात, पंगतीत सहज बोललं जातं. वहिनी ऐकतात आणि वाढत राहतात. त्या वेळी घरात काय घडलं हे मला ठाऊक आहे, म्हणून लिहितो.

दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षीची गोष्ट. आबा, म्हणजे माझे वडील, पहिल्या लढाईतले शिपाई. आमचं गाव कडेगावच्या बाजूला. थोरला भाऊ पलटणीत होता. घरी आबा, वहिनी आणि मी. पावसाळ्यात कामासाठी साताऱ्याला गेलो असताना आबा कचेरीच्या पायरीवर छाती धरून बसले. तिथल्या दवाखान्यात त्यांना बरेच दिवस निजवून ठेवलं. निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"झटक्यातून वाचले. पण हृदयाचा एक भाग निकामी झालाय," ते म्हणाले. "उरलेल्या भागाला सगळं ओझं ओढायचं आहे. ते दमलं तर अंगात पाणी साठेल. पाय सुजतील, आडवं पडलं की धाप लागेल. तसं दिसलं की थांबू नका. आणि मीठ तोडा."

घरी येऊन मी फक्त मिठाचं सांगितलं. बाकीचं माझ्यापाशीच ठेवलं. बोललो तर खरं होईल असं काहीतरी मनात होतं.

वहिनींनी दुसऱ्या दिवसापासून आबांचं वेगळं अळणी शिजवायला घेतलं. आमच्याकडे अळणी जेवतात ते सुतकात. आबांनी पहिला घास घेतला आणि ताट सरकवलं.

"मी जित्ता हाय न्हवं? मग माझं सुतक आत्ताच धरलंसा व्हय?"

"डाक्टरनं सांगितलंय, मामंजी," वहिनी दाराआडून म्हणाल्या.

"डाक्टरला म्हनावं, तू ये जेवायला."

आबा अर्धपोटी उठू लागले. चेहरा उतरला. मला ते बघवेना. ताट सोप्यात नेऊन द्यायचं काम माझं होतं. मी सदऱ्याच्या खिशात मिठाची पुरचुंडी ठेवू लागलो आणि वाटेत आमटीत चिमूट सोडू लागलो. आबा माझ्याकडे बघून गालात हसायचे. ते पोटभर जेवायला लागले, याचा मला आनंद झाला.

भादव्यात आबांचं अंग भरलं. आमचा मुलूख तालमीचा. माणूस जाड झाला की त्याची तब्येत सुधारली, हा इथला हिशेब. पारावरचे म्हणायचे, "लय झ्याक अंग धरलंय गड्या, आता फडात उतरतोस काय?" आबा खूश. वहाणेचा पट्टा त्यांना घट्ट होऊ लागला, तो मीच सैल केला. पुढं ते भिंतीला टेकून बसूनच झोपू लागले. विचारलं तर म्हणाले, "पलटणीत उभ्यानं झोपायचो रं, ह्यात काय." डॉक्टरांचे शब्द मला आठवत होते. तरी मीही लोकांना सांगत होतो, आबांनी अंग धरलंय.

दसऱ्याला सोनं द्यायला माणसं आली. आबा सोप्यात तक्क्याला टेकून बसले होते. एकेक जण पायाशी वाकून उठत होता. वहिनी वाकल्या आणि खालीच राहिल्या.

"उठ की पोरी, आशीर्वाद दिला," आबा म्हणाले.

"मामंजी, तुमच्या पायात बोटं रुतत्यात," वहिनी म्हणाल्या. त्यांनी हात उचलला. घोट्यावर बोटांचे खळगे तसेच होते. ओल्या कणकेवर राहावेत तसे.

"अंग धरलंय त्यांनी," कोणीतरी म्हणालं.

"असलं कसलं अंग?" वहिनी माझ्याकडे वळल्या. "भावजी, गाडी जुपा."

सगळ्या माणसांसमोर त्या असं बोलल्या, हे त्यांचं पहिलंच. मी बैलगाडी जुंपली. सडकेवर सांगलीची मोटार मिळाली. आबांना मागं मला टेकवून बसवलं. त्यांचा श्वास माझ्या छातीला लागत होता, तुटक, ओला. आबा सांगलीला पोचतात की नाही, एवढंच डोक्यात होतं.

सांगलीच्या डॉक्टरांनी अंगातलं पाणी उतरवायची इंजेक्शनं दिली, नाडी सावरायला गोळ्या दिल्या, उशाखाली उशा रचल्या. आबांना इतकी लघवी होऊ लागली की ते म्हणाले, "कृष्णेला पूर आला रं." थोड्या दिवसांत नडगीचं हाड दिसू लागलं आणि ते आडवे झोपले. डॉक्टरांनी विचारलं, मीठ कुणी दिलं? खोलीत मावशी, चुलते, सगळे होते. सगळ्यांनी वहिनींकडे बघितलं, कारण चूल त्यांची. मी खाली बघत उभा राहिलो. आबांनी तोंड उघडलं, पण त्यांना खोकला आला आणि विषय तिथंच राहिला.

घरी आल्यावर वहिनींनी सगळ्यांचंच अळणी रांधलं. वर लिंबू, हिरवी मिरची, लसणाचा ठेचा. म्हणाल्या, "आता सुतक न्हाई, आता ही घरची रीत." आबा कुरकुरत जेवले आणि दुसरी भाकरी मागितली. रोज सकाळी वहिनी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून बघायच्या. आबा पाय पुढं करत, "मार शिक्का, म्हंजे सुटी." खळगा दिसला की त्याच दिवशी सांगली. असं करत आबा कितीतरी वर्षं हिंडतेफिरते राहिले. नातवंडं खांद्यावर घेतली, भावाला पलटणीतून परत आलेलं बघितलं.

परवा हे लिहिलेलं वहिनींना वाचून दाखवलं. त्या शेंगा फोडत होत्या.

"मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "सांगलीस्नं आल्यावर तुमचा सदरा मीच धुतला न्हवं? खिशात मीठ लागलं."

"मग बोलला का नाही?"

"मला वाटलं, आज बोलशीला, उद्या बोलशीला." त्यांनी शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं. "रविवारी समदी पोरं येनार हायती. त्यांच्याफुडं वाचा. मोठ्यानं वाचा, माझ्या थोरल्या पोराला कमी ऐकू येतंय."