कापराच्या उजेडानंतर

आईची नजर गेली ती अशीच. आधी तिन्हीसांजेला अंगणातली बादली दिसेना, मग उंबरा, मग आमची तोंडं. पुढे एका हिवाळ्यात मीही दोनदा उंबऱ्याला ठेचकाळले. जळगावच्या डॉक्टरांनी काही दिवस थांबून पाहू म्हणून सांगितलं. रोज पोथी उघडली की अक्षरांआधी भीतीच समोर यायची. इतकी सेवा करून हेच पदरी पडणार असेल तर देवाला हाक तरी कशाला मारायची, असंही मनात येऊन गेलं.

माझे थोरले भाऊ नाना शाळामास्तर. ताटाएवढा आरसा घरीच घासून त्यांनी मोठी दुर्बीण केली होती. वहिनी तिला सवत म्हणायच्या. एक अगदी पुसट, भोवऱ्यासारखी वळलेली दीर्घिका पाहायची म्हणून ती साक्रीजवळ मामांच्या शेतात आणली. नव्या वस्तूला पूजेशिवाय हात कसा लावायचा? अंधार पडल्यावर वहिनींनी दुर्बिणीला कुंकू लावलं आणि मी कापूर पेटवून आरती ओवाळली.

नानांनी लगेच मला पुढे बोलावलं. मी डोळा लावला. नुसता काळोख, एक ठिपकासुद्धा नाही. आईसारखंच झालं, एवढंच मनात आलं. बांधावर जाऊन बसले आणि रडू आवरेना.

आरती ऐकून वाटेवरची एक म्हातारी प्रसादाला आली होती. ती शेजारी टेकली. "रडू नको माय. डोया मिट, देवनं नाव ले. घाई कसानी शे?" म्हणत तिने आपला खरखरीत तळवा माझ्या डोळ्यांवर ठेवला आणि स्वतःच नाम घेऊ लागली. बराच वेळ आम्ही तशाच बसलो.

नानांनी पुन्हा हाक मारली. या वेळीही आधी काही दिसलं नाही. नसेल दाखवायचं तर नको दाखवूस, तुझी मर्जी, असं मनात म्हटलं आणि डोळे ताणणं सोडलं. नजर जराशी बाजूला ढळली, आणि कडेला पुसलेल्या रांगोळीसारखं काहीतरी उमटलं. टक लावली की नाहीसं व्हायचं, नजर सैल सोडली की परत यायचं. मी त्याचं वळण सांगितलं तेव्हा नाना हसले. "हे दिसलं ना, मग अंधारातली नजर शाबूत आहे तुझी. मघाशी कापराने डोळे दिपले होते. मलाच आधी सुचायला हवं होतं."

असेलही. म्हातारी तोवर प्रसाद घेऊन निघून गेली होती. तिचं नावही विचारायचं राहिलं.

आरती मी अजून रोज करते. फक्त ओवाळून झालं की देवाकडे लगेच काही मागत नाही. थोडा वेळ डोळे मिटून बसते.